आराखड्यावर सही करण्यापूर्वी

दिव्यांग मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा म्हणजे मूल आज काय करू शकते, वर्षभरात त्याने काय शिकायचे आणि त्यासाठी कोण किती वेळ देणार, याची लेखी नोंद. तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या गावात तो वर्गशिक्षक आणि समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक यांनी मिळून करायचा असतो. एका विशेष शिक्षकाकडे अनेक शाळा असल्या, की कागद घाईत भरला जातो आणि पालकांपुढे फक्त सहीसाठी येतो.

प्रस्तुत लेखिकेच्या मुलाच्या आराखड्यात दोन वर्षे ‘वाचन सुधारणे’ एवढेच उद्दिष्ट होते. असे उद्दिष्ट साधले की हुकले, हे कुणालाच सांगता येत नाही. ‘दिवाळीपर्यंत जोडाक्षरविरहित पाच वाक्ये वाचेल, आठवड्यातून दोनदा अर्धा तास विशेष शिक्षक शिकवतील’ असे लिहिले, तर जाब विचारता येतो. सही करण्यापूर्वी हेच पाहावे. आराखडा घरी नेऊन वाचण्यास वेळ मागावा, असहमती त्याच कागदावर लिहावी आणि प्रत घ्यावी.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये या आराखड्याचा नावानिशी उल्लेख नाही. तरीही पालकांचा आधार भक्कम आहे. या अधिनियमाचे कलम 16 प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवायला शाळेला बांधते. शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या कलम 24 नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. बैठक मागताना संकोच नको.

‘दिव्यांगत्व प्रमाणपत्रावर 40 टक्के नाहीत’ हे शाळेचे उत्तर अनेकांना गप्प करते. ही अट 2016 च्या अधिनियमातील 6 ते 18 वर्षांच्या मोफत शिक्षणाच्या कलम 31 ला लागू आहे, कलम 16 ला नाही. घरी शिकण्याचा पर्यायही नीट समजून घ्यावा. शिक्षण हक्क कायद्याच्या 2012 च्या दुरुस्तीने तो तीव्र किंवा बहुविध दिव्यांगत्व असलेल्या मुलांना हक्क म्हणून दिला. शाळेने मूल घरी पाठवण्यासाठी तो वापरणे हा अन्याय आहे.

मुख्याध्यापकांनी दखल घेतली नाही, तर शाळा व्यवस्थापन समितीकडे लेखी अर्ज द्यावा. तिच्यात 75 टक्के सदस्य पालक असतात. त्यानंतर तुळजापूरचे गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्यातील राज्याचे दिव्यांग आयुक्त. प्रत्येक अर्जावर पोच घ्यावी. आराखड्याची प्रत नाकारली, तर माहिती अधिकारात ती मागता येते आणि 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते.