पाठ : डब्यातली जुनी नाणी

आपल्या पुष्कळ घरांत आजीकडून आलेला एक डबा असतो. त्यात मुंबई-कोकणातले राणीछाप रुपये, चवल्या, पावल्या आणि इथले स्ट्रेट्सचे डॉलर एकत्र पडलेले असतात. वाटणीची वेळ आली की सगळे विचारतात, याचं काही येईल का?

आधी सोनाराकडे जाऊ नका. तो मोडीचा भाव देईल, आणि वितळलेलं नाणं परत येत नाही. स्वयंपाकघरातला काटा घ्या. चांदीचा जुना रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅम भरतो. बारा भागांत अकरा भाग चांदी. १९४० नंतरच्या रुपयांत चांदी निम्मीच. १९४७चा निकेलचा, त्याला लोहचुंबक चिकटतो. स्ट्रेट्सचा १९०३चा डॉलर जवळजवळ २७ ग्रॅमचा, १९०७चा सुमारे २० ग्रॅमचा.

मग साल वाचा. १९११च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावर छोटा हत्ती आहे, पण सोंड इतकी आखूड की लोकांना तो डुक्कर वाटला. (आपल्या आज्यांनीही तो नाक मुरडूनच घेतला असेल!) ओरड झाली, बहुतेक नाणी वितळवली आणि १९१२मध्ये हत्ती सुधारला. म्हणून १९११च्या रुपयाला साध्या रुपयापेक्षा जास्त भाव येतो. १९३९चा चांदीचा रुपया त्याहून कितीतरी दुर्मीळ. म्हणूनच त्याच्या नकला फार. उलट, चौकोनी सेंट ढिगानं मिळतात. जुनं म्हणजे महाग, असं नसतं.

गळ्यात घालायला कडी लावलेलं नाणं संग्राहकाला नको असतं; त्याची किंमत धातूचीच. पुतळ्यांच्या माळेचंही तसंच. पुतळी हे नाव व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आलं, पण बहुतेक माळांतल्या पुतळ्या सोनारानं घडवलेल्या असतात.

आणि सणाला चांदी उजळतो तशी नाणी रांगोळीनं घासू नका. चकाकी येते, भाव उतरतो. काळी आहेत तशीच दोन वेगवेगळ्या नाणेविक्रेत्यांना दाखवा, आणि पहिल्यानं सांगितलेला आकडा दुसऱ्याला सांगू नका.

शब्द : चवली – दोन आणे, पावली – चार आणे, अधेली – आठ आणे, मोड – वितळवण्याजोगा जुना धातू.

घरचा अभ्यास : वडीलधाऱ्यांबरोबर बसून पाच नाण्यांचं साल, वजन आणि कडीची खूण मराठीत लिहून आणा. नाणं कोणाकडून आलं, तेही विचारा.