घरून काम, म्हणून मावशींचा पगार कापू?

प्रश्न : मावशी माझ्या मुलीला सकाळी 9 ते 6 सांभाळतात. पगार 18,000. आता आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करणार. उरलेले चार दिवस यायला आठ वाजतील. दोन दिवसांचे पैसे कापून बाकीचे दिवस जास्त थांबायला सांगू का?

उत्तर : कापू नका. ते दोन दिवस मावशींनी तुमच्यासाठीच राखून ठेवलेत. तेवढ्यापुरतं दुसरं काम त्यांना कोण देणार? (आणि घरून काम करताना मुलगी तुम्हाला लॅपटॉप उघडू देईल, असं मला तरी वाटत नाही.)

जादा वेळेचा हिशेब वेगळा ठेवा. महिन्याचे 26 दिवस, रोजचे नऊ तास धरले तर तासाला साधारण 77 रुपये पडतात. सहानंतर मी शंभर देईन; त्या वेळी त्यांच्या घरचा स्वयंपाक खोळंबतो. उशिरा रिक्षा करावी लागली तर भाडंही तुमचंच. पण आधी जमेल का ते विचारा, तेही त्या निघताना चपला घालत असताना नव्हे, निवांत बसून. ठरेल ते वहीत लिहा.

महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 चा आहे. मावशींची नोंदणी नसेल तर करून द्या.