जन्मतारीख आधी, अर्ज नंतर

या खेपेला आलेली चारही पत्रं एकाच वसाहतीशी निगडित आहेत, म्हणून त्यांना एकत्रच उत्तरं देतो. गोठणगाव-प्रतापगड भागातली नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत १९७२ साली वसली, तेव्हा तो मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाला आणि वसाहत तिकडे गेली. तिबेटी माणसं मात्र तिला आजही ‘भंडारा’ म्हणूनच ओळखतात, आणि आपल्याकडचे लोक ‘तिबेटी कॅम्प’ म्हणतात.

शंका : माझा जन्म २००२ सालचा, वसाहतीतलाच. नर्सिंगचा जीएनएम अभ्यासक्रम पूर्ण केला. भंडाऱ्यात एका खासगी दवाखान्यात मुलाखत चांगली झाली. पण आरसी (परदेशी म्हणून केलेल्या नोंदणीचं प्रमाणपत्र) पाहून ‘तुम्ही फॉरेनर, वर्क परमिट आणा’ असं सांगितलं. आता काय करू? वडिलांचा जन्मही इथलाच, १९७६ चा.

समाधान : तुमच्या पत्रातलं शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं आहे, आणि ते तुम्ही जाता जाता लिहिलं आहे.

नागरिकत्व कायदा १९५५, कलम ३ पाहा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत भारतात जन्मलेली व्यक्ती जन्मानेच भारतीय नागरिक आहे. आईवडील कुठले, हा प्रश्नच तिथं येत नाही. म्हणजे तुमचे वडील नागरिक आहेत. १ जुलै १९८७ ते २ डिसेंबर २००४ या काळात जन्मलेल्यांसाठी आईवडिलांपैकी एक जण नागरिक असला की पुरतं. म्हणजे तुम्हीही नागरिक आहात. त्यानंतर जन्मलेली धाकटी भावंडं असतील, तर त्यांचा नियम कडक आहे : दोघं नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला. म्हणून आई नागरिक नसेल, तर त्यांच्या जन्माच्या वेळी तिची आरसी चालू होती याचा पुरावा जपून ठेवा.

हातात आरसी आहे म्हणजे आपण परकेच, ही समजूत न्यायालयानं मोडली आहे. १९८६ साली कांगड्यात जन्मलेल्या नामग्याल डोलकर यांना पासपोर्ट नाकारला गेला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं २२ डिसेंबर २०१० रोजी त्या जन्मानं नागरिक असल्याचं मान्य केलं. स्वतःला तिबेटी म्हणवलं म्हणून नागरिकत्व जात नाही, हे त्या निकालाचं सार.

तुमचं नागरिकत्व सिद्ध व्हायला वेळ लागेल आणि नोकरी आज हवी आहे, हे मला समजतं. म्हणून तूर्तास दवाखान्याला केंद्रीय गृहमंत्रालयाचं २०१४ चं तिबेटी पुनर्वसन धोरण दाखवा. शिक्षणानुसार नर्सिंग, अध्यापन, वैद्यकी, अभियांत्रिकी अशा क्षेत्रांत तिबेटी निर्वासितांना काम करू द्यावं, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मात्र इतरांसारखी तुम्हालाही लागेलच.

शंका : माझा जन्म १९८१ चा. पासपोर्ट काढायचा आहे. लोक म्हणतात, आरसी जमा करावी लागते आणि वसाहतीतलं घर सोडावं लागतं. खरं आहे का?

समाधान : ऐकीव नाही, त्याला आधार आहे. २२ सप्टेंबर २०१६ रोजी फुन्त्सोक वांग्याल प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं १ जुलै १९८७ पूर्वी भारतात जन्मलेल्या तुमच्यासारख्या तिबेटींना नागरिक मानूनच पासपोर्ट द्या, असं सांगितलं. मार्च २०१७ मध्ये परराष्ट्र मंत्रालयानं ते मानलंही. पण त्याच वर्षी जूनमध्ये अटी आल्या : आरसी आणि परदेश प्रवासासाठीचं पिवळं ओळखपुस्तक परत करा, नेमून दिलेल्या तिबेटी वसाहतीत राहू नका, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती घेत नाही असं लिहून द्या.

दुहेरी सवलत नको, हे मला मान्य आहे. पण नागरिकत्व कायद्यात घर सोडण्याची अट कुठेही नाही. ज्याचं नागरिकत्व जन्मासोबत आलं, त्याच्याकडून त्याची किंमत म्हणून आईवडिलांचं अंगण मागणं अन्यायाचं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

तरी सल्ला व्यवहाराचा देतो. आज कोणत्या अटी लागू आहेत, ते पासपोर्ट कार्यालयाकडून लेखी मागा. कुणाच्या तोंडी सांगण्यावरून आरसी जमा करू नका. घरात म्हातारी माणसं असतील, तर तुम्ही बाहेर पडल्यावर त्यांच्याजवळ कोण राहील, हे आधी ठरवा. आणि आधार कार्ड पुढं करू नका. आधार रहिवाशाला मिळतं, तो नागरिकत्वाचा पुरावा नाही.

शंका : (साकोली तालुक्यातून) त्यांना सरकारनं जमीन दिली, रेशन दिलं. आमची पोरं रिकामी आहेत. परदेशी लोकांना काम आणि सवलती देण्यावर बंदी घालणारा कायदा का करत नाहीत?

समाधान : पोरं रिकामी असल्याचं तुमचं दुःख खरं आहे. पण निर्बंध आधीपासूनच आहेत, आणि ते बरेच कडक आहेत. नागरिक नसलेल्या निर्वासिताला मत नाही. वसाहतीची जमीन मालकीची नाही; २०१४ च्या धोरणात २० वर्षांच्या भाडेपट्ट्याची तरतूद आहे, तोही सरकार मागे घेऊ शकतं. रोहयो, रेशन, घरकुल द्यायचं की नाही, हे राज्यांच्या मर्जीवर सोडलं आहे. जमीन नावावर नाही म्हणून पीएम-किसान नाही. धान पिकवणाऱ्या तिबेटी शेतकऱ्याची गत इथं तुमच्या शेजारच्या बटाईदारासारखीच आहे : घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा.

सरकारी नोकरीचं एक उदाहरण सांगतो. यूपीएससीच्या नियमांत तिबेटी निर्वासिताला काही सेवांसाठी जागा आहे, पण तो १ जानेवारी १९६२ पूर्वी भारतात आलेला असावा. आज त्या अटीत बसणारा प्रत्येक माणूस साठी ओलांडून गेला आहे. दार कागदावर उघडं आहे, आत जाऊ शकणारं कुणी उरलेलं नाही.

आणि आपल्या लेकींकडे पाहा. नागपूरची इंजिनियर मुलगी नवऱ्याच्या एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर अमेरिकेत जाते, तेव्हा तिच्या हाती एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा येतो. मे २०१५ पर्यंत तशा बायकांना तिथं नोकरीची परवानगीच नव्हती. त्यानंतरही ती मिळते ती नवऱ्याचं ग्रीन कार्डाचं प्रकरण ठरावीक टप्प्यापुढं गेलं तरच. शिकलेली बाई घरी बसून काय सोसते, ते इथल्या आयांना फोनवर ऐकू येतं. तसा कायदा इथं मागण्याआधी त्या फोनची आठवण ठेवा, एवढी विनंती.

शंका : वडिलांच्या जन्माची नोंदच झाली नव्हती. आता होईल का?

समाधान : होईल. वर्ष उलटून गेलेल्या नोंदीसाठी २०२३ च्या दुरुस्तीनंतर जिल्हादंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश लागतो. महाराष्ट्रात २०२५ पासून अशा अर्जांची छाननी कडक झाली आहे, म्हणून पुरावा भक्कम हवा : शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, दवाखान्याची नोंद, आजी-आजोबांच्या जुन्या आरसी. वसाहतीची जुनी कागदपत्रं गोंदियात सापडली नाहीत तर भंडाऱ्यात शोधा, कारण १९९९ पर्यंत जिल्हा भंडारा होता. पैसे घेऊन दाखला काढून देणाऱ्याच्या नादी लागू नका. एक खोटी तारीख तीन पिढ्यांचा दावा बुडवेल.

जाता जाता वसाहतीतल्या सर्वांना एक सूचना. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा आप्रवासन आणि विदेशी नागरिक कायदा लागू झाला आहे. पासपोर्ट-व्हिसाच्या अटीतून तिबेटींना सूट आहे, पण ती चालू नोंदणी असलेल्यांनाच. थंडीत स्वेटर विकायला बाहेर पडण्याआधी घरातल्या प्रत्येकाच्या आरसीची मुदत तपासा. संपत आली असेल तर नूतनीकरणाचा अर्ज देऊन, पोच घेऊनच गाव सोडा.