सेवाकार्य : एकदा जाणे आणि परत जाणे



सेवाकार्य म्हटले की युवकांच्या बैठकीत ठरलेली यादी पुढे येते. वृद्धाश्रमाला भेट, जुने कपडे गोळा करणे, वह्यावाटप, रक्तदान शिबिर. यांतले वाईट काहीच नाही. रक्तदान तर एकदाच केले तरी कोणाचा तरी जीव वाचू शकतो. बाकीच्या कार्यक्रमांबाबत मात्र आधीच विचारून घ्यावे, आपण तिथे पुन्हा केव्हा जाणार? नाताळात आश्रमात केक घेऊन जाणारे पुष्कळ असतात. जूनमध्ये पाऊस लागला की कोणी फिरकत नाही.

दयाळू शोमरोन्याचा दाखला (लूक १०:२५-३७) आपण लहानपणापासून ऐकतो. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, त्या माणसाला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, हे आपल्या लक्षात राहते. शेवटचा भाग निसटतो. तो उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार देतो आणि सांगतो, यापेक्षा जास्त खर्च झाला तर मी परत येईन तेव्हा फेडीन. म्हणजे त्याच्या दयेत पुढची भेटही धरलेली होती.

पॅरिसमध्ये १८३३ साली काही विद्यार्थ्यांना हेच शिकावे लागले. फ्रेडरिक ओझानाम हा विद्यापीठात शिकणारा तरुण चर्चासभांमध्ये ख्रिस्ती श्रद्धेची बाजू हिरिरीने मांडत असे. विरोधकांनी विचारले, तुमच्या चर्चने पूर्वी मोठी कामे केली असतील, आज तुम्ही गरिबांसाठी काय करता? आदल्याच वर्षी कॉलऱ्याने शहरात हजारो माणसे मेली होती, त्यामुळे प्रश्न बोचणारा होता. २३ एप्रिल १८३३ रोजी, ओझानामच्या विसाव्या वाढदिवशी, हे मोजके मित्र एकत्र बसले. एमान्युएल बेयी हे वयाने मोठे गृहस्थ त्यांचे मार्गदर्शक झाले. पण गरिबांच्या घरी कसे जायचे, काय बोलायचे, हे त्या मुलांना ठाऊक नव्हते. ते शिकवले सिस्टर रोझाली रँदू या धर्मभगिनीने. ती गरीब वस्तीत वर्षानुवर्षे काम करीत होती. कोणत्या कुटुंबाकडे जायचे ते ती सांगे.

त्यातून संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली. भारतात ती १८६३ साली पुण्यात सुरू झाली. तिची कार्यपद्धती साधी आहे. सभासद नियमित सभा घेतात, दोघादोघांनी घरी भेट देतात, कुटुंबाचे नाव बाहेर बोलत नाहीत आणि सभेच्या शेवटी पिशवी फिरते, ज्यात कोणी किती टाकले हे शेजाऱ्यालाही कळत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९७ साली पॅरिसमधल्या जागतिक युवा मेळाव्याच्या वेळी ओझानामला धन्यवादित घोषित केले. आपले अनेक युवक या सोसायटीला निवृत्त मंडळींची संस्था समजतात. ती कॉलेजच्या पोरांनी काढली होती!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक मुद्दा वाचला होता. वाद्य वाजवत राहूनच माणूस वादक होतो, तसाच न्यायाने वागत राहूनच तो न्यायी होतो. वर्षातून एक दिवस वाजवणाऱ्याला कोणी वादक म्हणत नाही.

आता आपल्या पनवेलकडे पाहू. आपल्या तालुक्यात आणि सगळ्या रायगड जिल्ह्यात कातकरी समाजाच्या वाड्या आहेत. त्यांतली अनेक कुटुंबे पाऊस संपला की उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. आईबापांबरोबर मुलेही जातात. आपण जूनमध्ये वाडीवर वह्या वाटतो, फोटो काढतो आणि समाधानाने घरी येतो. दिवाळीनंतर ते मूल भट्टीवर असते, वही कोरीच राहते. हे आपल्याला कळतच नाही, कारण आपण दुसऱ्यांदा गेलेलो नसतो. जो जातो त्याला कळते की त्या घराला वहीपेक्षा जातीचा दाखला, रेशनकार्ड, आधारकार्डातली चुकीची जन्मतारीख यांची अडचण मोठी आहे. आपल्या युवकांना फॉर्म भरता येतात, तहसील कचेरीत दोन तास रांगेत उभे राहता येते. हीसुद्धा सेवाच आहे, तिचा फोटो चांगला येत नाही इतकेच.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. गाडीरस्ता नव्हता, बचाव पथकांना डोंगर पायी चढावा लागला. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ताच राहिले. अशा वेळी पहिल्या आठवड्यात धान्य आणि कपडे सगळीकडून येतात. पण दरडीखाली कागदपत्रेही जातात आणि आईबाप गमावलेल्या मुलाला पुढची अनेक वर्षे माणूस लागतो.

ओझानाम पुढे प्राध्यापक झाले, तेव्हा त्यांनीही हे मांडले : दया वाटसरूच्या जखमा बांधते, पण वाटेवर हल्लाच होऊ नये हे पाहणे न्यायाचे काम आहे. दाखला मिळवून देणे हे मला दोन्हींच्या मधले काम वाटते.

दूर जाण्याआधी आपल्या मंडळीतही डोकवावे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६ मध्ये ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या वाटपातून सुटत असल्याची तक्रार आली. प्रेषितांनी वाद घातला नाही, सात माणसे नेमली. आपल्या मिस्सेला मराठी, कोकणी, मल्याळम, तमिळ बोलणारे सगळे येतात. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, गुडघ्यांमुळे मिस्सेला न येणारी आजी यांतल्या कोणाच्या यादीत आहे?

काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. सेवेच्या बदल्यात धर्माची अपेक्षा ठेवायची नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देव प्रीती आहे’ या परिपत्रकात हे नि:संदिग्धपणे सांगितले आहे. आजच्या वातावरणात तर याबाबत बोलण्यात आणि वागण्यात तसूभरही गोंधळ नको. अठरा वर्षांखालील मुलामुलींनी पालकांची लेखी परवानगी घेऊन, जबाबदार प्रौढांसोबतच जावे. रुग्णांचे व लहान मुलांचे फोटो काढू नयेत.

यंदा दहा ठिकाणे नकोत. दोघांची एक जोडी, एक घर आणि एक वर्ष, एवढेच ठरवू. पंधरा दिवसांतून एक भेट आणि महिन्यातून एका रविवारी मिस्सेनंतर अर्धा तास सर्व जोड्यांची बैठक. तयार असणाऱ्यांनी आपली नावे सॅक्रिस्टीत द्यावीत. पहिल्या भेटीला हातात काही नेऊ नये. बसावे, ऐकावे, आणि निघताना पुढच्या भेटीची तारीख त्या कुटुंबालाच विचारून वहीत लिहून घ्यावी.