टॅबमधला बेंड : बोट कुठे, सूर कुठे?

हॉस्टेलवर गिटार वाजवणारे आपण बहुतेक जण टॅबवरच शिकलो. सहा रेघा म्हणजे सहा तारा, रेघेवरचा आकडा म्हणजे फ्रेट. स्टाफ नोटेशन न येणाऱ्यालाही तासाभरात जमतं. गाडी अडते ती बेंडपाशी. दुसऱ्या तारेवर ८ व्या फ्रेटला 'जी' वाजतो. तीच तार बोटाने ढकलून होल स्टेप चढवली की ऐकू येतो 'ए', म्हणजे खरं तर १० व्या फ्रेटचा सूर. आता कागदावर लिहायचं काय? ८ लिहिलं तर सूर खोटा, १० लिहिलं तर बोट भलतीकडे!

यावरचं रूढ उत्तर असं : आकडा ८ च ठेवायचा, त्यातून वर वळणारा बाण काढायचा आणि टोकाशी किती चढवायचं ते लिहायचं, 'फुल' किंवा '½'. नुसता बाण काढलेला टॅब माझ्या मते अर्धवटच. गॅदरिंगला लीडवाला हाफ स्टेपवरच थांबला, तर खालच्या कॉर्डशी ते असं भांडतं की शेवटच्या रांगेलाही कळतं. (मेकॅनिकलवाल्यांसाठी : होल स्टेप म्हणजे वारंवारता सुमारे १.१२ पट. ती ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे ताण साधारण सव्वापट. बोटं उगाच नाही सोलत!)

मी हे लिलीपाँडमध्ये लिहितो. सॉफ्टवेअर मुक्त आणि फुकट. माऊसने चित्र न काढता प्रोग्रॅमसारखं टाइप करायचं. २०२२ मध्ये आलेल्या २.२४ आवृत्तीत बेंडची सोय आहे. फक्त टॅबच्या कॉन्टेक्स्टला बेंड-स्पॅनर एन्ग्रेव्हर आधी जोडावा लागतो. गंमत म्हणजे इथे आपण फ्रेट लिहीतच नाही, सूर लिहितो : जी, त्याला लागून \^ ही खूण, मग ए. दोन सुरांतला फरक काढून बाण आणि माप तेच छापतं, टॅबमधला १० लपवतं. वरच्या स्टाफवर मात्र दोन्ही सूर दिसतात.

सतारीच्या मींडेसाठी भातखंडे पद्धतीत स्वरांवर कंस काढतात. तिथे कुठून कुठे जायचं ते कळतं, बोटाचा पत्ता नाही. टॅबचं नेमकं उलट! लिलीपाँडमध्ये दोन्ही एकाच ओळीतून मिळतं, म्हणून मला ते आवडतं.

तारेचा क्रमांक मात्र स्वतः द्या, नाहीतर सॉफ्टवेअर आपल्या मनाने दुसरीच तार निवडेल. बेंड सोडायचा असेल तर ए नंतर पुन्हा \^ आणि जी. आधी ताणून मग छेडायची तार असेल तर प्री-बेंडची वेगळी आज्ञा आहे. तिथे बाण वळत नाही, सरळ उभा राहतो.