शास्त्राभ्यास : दाखला कसा वाचावा
(लूककृत शुभवर्तमान, अध्याय 15)

उधळ्या पुत्राचा दाखला आपल्यापैकीं बहुतेकांस पाठ आहे. पाठ असणें चांगलेंच. परंतु जें पाठ झालें त्याकडे मन पुन्हा वळत नाहीं, हा त्यांतील धोका आहे. घरची बाई धान्य पाखडल्यावांचून दळावयास बसत नाहीं. त्याचप्रमाणें शास्त्रभागहि विचाराच्या सुपांत घालून पाहावा. त्याकरितां पुढील चार प्रश्न उपयोगी पडतील.

1. हें कोणास सांगितलें? उत्तर अध्यायाच्या आरंभींच आहे. जकातदार व पापी लोक प्रभूचें ऐकावयास जवळ येत होते, आणि हें पाहून परूशी व शास्त्री कुरकुर करीत होते. तेव्हां हा दाखला कुरकुर करणारांस दिलेलें उत्तर आहे.

2. शेजारीं काय आहे? आधीं 100 मेंढरांतून 1 हरवतें. मग 10 नाण्यांतून 1. शेवटीं 2 पुत्रांतून 1. पहिल्या दोहोंत सांपडल्यावर शेजारीपाजारी मिळून आनंद करितात. तिसऱ्यांत मात्र आनंद चालू असतां एक जण बाहेर उभा राहतो.

3. कोणते शब्द बदलले? धाकट्यानें मनांत तीन गोष्टी योजिल्या होत्या : आपण पाप केलें, आपण पुत्र म्हणवून घेण्यास योग्य नाहीं, आपणास मजुराप्रमाणें ठेवावें. बापापुढें तो दोनच बोलतो. तिसरीच्या जागीं बापाची आज्ञा येते, आणि मजुरीऐवजीं झगा, अंगठी व जोडे मिळतात. उलटपक्षीं वडील पुत्र त्याला भाऊ म्हणत नाहीं, बापाचा मुलगा म्हणतो. बाप उत्तर देतांना 'भाऊ' हा शब्द त्याच्या पदरीं परत घालतो.

4. काय सांगितलेलें नाहीं? बाप दोनदां बाहेर आला. एकदां धाकट्यासाठीं, एकदां वडिलासाठीं. पण वडील पुत्र आंत गेला कीं नाहीं? कथा तेथेंच थांबते. कां? कारण तो पुत्र प्रभूसमोरच उभा होता. पुढचें पाऊल ऐकणारांनींच टाकावयाचें होतें.

बंधुभगिनींनो, आपण स्वतःस नेहमीं धाकटा पुत्र समजतों. आपण दूर देशाहून घरीं आलों हें खरें. परंतु घरीं येऊन आतां पुष्कळांस वर्षें लोटलीं. उपासनेंत त्यांची बसण्याची जागाहि ठरून गेली आहे. एखादें नवें कुटुंब, किंवा पडून पुन्हा उठलेला एखादा भाऊ दारीं आला म्हणजे आपल्या तोंडून काय निघतें? तेव्हां आपण कोणता पुत्र असतों?

उपदेशक बंधूंनीं हे प्रश्न घरगुती प्रार्थनासभेंतहि घ्यावे. एकानें वाचावें, इतरांनीं उत्तरें द्यावीं. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांसहि ह्या रीतीनें विचार करितां येतो.

स्वाध्याय : लूक 10 मधील चांगल्या शोमरोन्याचा दाखला ह्याच रीतीनें वाचा. शास्त्र्यानें शेजाऱ्याविषयीं काय विचारिलें, आणि प्रभूनें तो प्रश्न कसा फिरविला, हें शोधून काढा.