धोदाणीच्या वाटेचा हिशेब

रविवारी पहाटे सव्वापाचला नवीन पनवेलमधून सायकलने सुकापूरकडे निघालं, की नेऱ्यापर्यंत दूधवाल्यांच्या मोटारसायकली आणि भाजीचा एखादा टेम्पो, एवढीच सोबत असते. साडेनऊला त्याच रस्त्याने परतताना समोरून फार्महाऊसवाल्यांच्या एसयूव्हींची रांग येते, मधे खडीचे डंपर असतात आणि धूळ तोंडात जाते. 'गाड्या नसलेला रस्ता कुठे आहे हो?' असं नवशिके विचारतात, तेव्हा मी पत्ता सांगत नाही, वेळ सांगतो.

वाट अशी: सुकापूर, नेरे, मग गाढी नदीच्या कडेकडेने देहरंग धरण (आपण गाढेश्वर म्हणतो तेच), पुढे मालडुंगे आणि शेवटी माथेरानच्या कड्याखाली विसावलेली धोदाणी. एका बाजूचं अंतर वीसेक किलोमीटर. नेऱ्यानंतर डावी-उजवीकडे पाड्यांवर जाणारे मुरमाचे फाटे लागतात. खरी ग्रॅव्हल, म्हणजे सायकलवाल्यांची कच्ची वाट, ती तिथे. खुणांच्या पाट्या वगैरे लावलेली सायकलवाट आपल्याकडे नाही. बरेच फाटे कुणाच्या तरी शेतात किंवा वनखात्याच्या हद्दीत संपतात, तेव्हा अंगणात दिसेल त्या मावशींना विचारून पुढे जायचं. धोदाणीहून माथेरानच्या सनसेट पॉइंटला चढणारी वाट पायवाट आहे; सायकल खांद्यावर घेऊन व्हिडिओ काढणाऱ्यांच्या नादी लागू नका.

आता पैसे. खाली दिलेले आकडे अंदाजपत्रकासाठी आहेत, दुकानागणिक थोडा फरक पडेल.

ग्रॅव्हल बाईक म्हणजे रेसिंग सायकलसारखं खाली वळलेलं हँडल, पण टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास जाड. नवी घ्यायची तर पन्नास-साठ हजारांपासून सुरुवात, आणि जरा बरी हवी असेल तर लाखाच्या पुढे. या रस्त्यासाठी तिची गरज नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. वीस-पंचवीस हजारांची साधी हायब्रिड घ्या. पुढे स्प्रिंगचा फोर्क नसलेली, डिस्क ब्रेकची, आणि 38 ते 42 मिमीचा टायर मावेल एवढी फ्रेममध्ये जागा असलेली. ही जागा दुकानात बोट घालून बघायची, कॅटलॉगवर विसंबायचं नाही. दहा-बारा हजारांत दोन्हीकडे शॉकअप लावलेल्या झगमगीत सायकली मिळतात, त्या मात्र टाळा. तेवढ्या पैशातला शॉकअप धक्के खात नाही, नुसतं वजन वाढवतो आणि चढावर पायातली निम्मी ताकद गिळतो.

सायकल 25,000 धरली, तर तिच्यावर जाड टायरची जोडी 2,400, हेल्मेट 1,500, पुढचा-मागचा दिवा 1,000, आणि पिशवीतलं सामान (छोटा पंप, टायर काढायचे लिव्हर, पॅच, एक जादा ट्यूब, पान्यांचा संच) 1,500. म्हणजे 31,400 रुपये. यात तीन-चारशेचा गिअर हँगर जरूर घाला. गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला ज्या पत्र्याच्या तुकड्यावर टांगलेला असतो, तो हा. सायकल उजव्या अंगावर आपटली की हाच वाकतो किंवा मोडतो. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, त्यामुळे ऐनवेळी मिळत नाही. सायकल घेतानाच दुसरा मागून घ्या.

बिलाबाबत भीड बाळगू नका. 22 सप्टेंबर 2025 पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला आहे. जुना साठा जुन्याच भावाने विकायचा प्रयत्न झाला, तर बिलावरच्या कराच्या रकान्यावर बोट ठेवा. 'तीन सर्व्हिसिंग फुकट' हेही बिलावर लिहून घ्या. माझ्या पहिल्या सायकलीच्या वेळी ते तोंडी होतं. दुसऱ्या सर्व्हिसिंगला गेलो तेव्हा दुकानातला माणूसही नवा होता आणि नियमही. तक्रार करायची वेळ आली, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही. आयोग आपला अलिबागला, पण तक्रार ऑनलाइन दाखल करता येते.

वर्षाचा देखभाल खर्च लोक धरतच नाहीत. पावसाळ्यानंतर एक आणि उन्हाळ्याआधी एक अशी दोन पूर्ण सर्व्हिसिंग 2,400, दोन वेळा ब्रेक पॅड 1,200, चेन 800, तीन ट्यूब 900, तेल 300. झाले 5,600. आपल्याकडच्या चिखलात मुरूम मिसळलेला असतो आणि तो ब्रेकवर कानशीसारखा चालतो. जुलैत दर रविवारी गेलात, तर ऑगस्टपर्यंत पॅडचं लोखंड डिस्कला घासायला लागतं. वर्षाला तीस फेऱ्या झाल्या तर फेरीमागे 187 रुपये पडतात. वर नेऱ्याच्या नाक्यावर चहा आणि दोन वडापाव, साठ रुपये. घरच्यांनी खर्च विचारला तर अडीचशे सांगा, खोटं होणार नाही.

टायरमधली हवा फुकट आहे आणि सगळ्यात जास्त चुका तिच्यातच होतात. दुकानदार साठ-सत्तर पीएसआय ठासून देतो. चाळीसच्या टायरला सत्तर किलोच्या माणसाने पस्तीस ते चाळीस ठेवलं, तर खडीवर चाक उसळत नाही आणि हाताला मुंग्या येत नाहीत.

पावसाळ्यात धरणं आणि धबधब्यांच्या परिसरात पोलिसांचे मनाई आदेश निघतात. निघण्याआधी बातमी बघा. दरडीचं नाव काढलं तर कुणाला अतिशयोक्ती वाटेल, पण जुलै 2023 मध्ये दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी याच डोंगररांगेच्या पलीकडची. सलग दोन दिवस झोडपून पाऊस झाला असेल तर धोदाणी नको, नेऱ्याहून मागे फिरा.

कर्नाळा जवळ आहे म्हणून तिकडे सायकल काढू नका. 12.11 चौरस किलोमीटरचं ते अभयारण्य आहे, आतल्या वाटा चालणाऱ्यांसाठी आहेत, आणि वन्यजीव संरक्षण कायदा 1972 नुसार परवानगीशिवाय आत शिरता येत नाही. बाहेरचा मुंबई-गोवा महामार्ग तर सायकलसाठी नकोच. माथेरानात मोटारींना बंदी आहे, दस्तुरी नाक्यावर गाड्या थांबतात. पण म्हणून सायकलला रान मोकळं आहे असं समजू नका. ते रस्ते चालणाऱ्यांचे आणि घोड्यांचे आहेत, आणि 2003 पासून हा भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. सायकल घेऊन नेरळचा घाट चढण्याआधी नगर परिषदेत विचारून घ्या. लहान मुलांना घेऊन झाडांच्या सावलीत निवांत चालवायची असेल, तर बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान बरं. तिथे सायकली भाड्यानेही मिळतात. पनवेल-गोरेगाव लोकल धरायची, तिथून बोरिवली.

कुत्री. फार्महाऊसच्या फाटकांतून ती सुटतात, आणि सायकल दामटली की त्यांना आणखी चेव येतो. उतरा, सायकल मधे धरा, चालत पुढे जा. चावलंच तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात जा. रेबीजची लस सरकारी रुग्णालयांत मोफत मिळते. मोठा अपघात झाला तर 108.

सायकलचा विमा काढावा की नाही, हे तिच्या किमतीवर ठरवा. स्वतःचा मात्र काढा. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत 18 ते 70 वयाच्या बँक खातेदाराला वर्षाला 20 रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. नेऱ्याच्या एका वडापावच्या किमतीत.

आणि पाचशेच्या दोन नोटा सीटखालच्या पिशवीत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवा. धोदाणीला चाक वाकलं, तर टेम्पोवाला तेवढ्यात सायकलसकट पनवेलला आणून सोडतो. आधी बाराशे सांगतो. तेव्हा घाई करू नका, बसून पाणी प्या.